पॉइंट चालू असताना ओरडणाऱ्यांचं काय करायचं?

बेसलाइनवरून (धागाकर्ता)

सोमवारी सकाळी चहा घेता घेता यूएस ओपन २०२५ लावलं आणि ऑफिसला पाऊण तास उशीर झाला. पहिली फेरी, बेंजामिन बोंझी वि. दानिल मेदवेदेव. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: बोंझी दोन सेटनी पुढे, तिसऱ्यात मॅच पॉइंट (आणखी एक पॉइंट की मॅच खिशात), दोनपैकी पहिली सर्व्हिस चुकलेली. इतक्यात एक फोटोग्राफर भलत्याच वेळी कोर्टात शिरला. अंपायर ग्रेग ॲलन्सवर्थ यांनी नियमाप्रमाणे बोंझीला पुन्हा पहिली सर्व्हिस दिली. मेदवेदेव उखडला. यांना घरी जायची घाई झालीय, यांना तासावर नाही मॅचवर पैसे मिळतात, असं बोलून घेतलं आणि मग हात वर करकरून स्टँड पेटवायला लागला. पुढची सहा मिनिटं बोंझी चेंडू आपटत उभा. सर्व्हिसला गेला की गोंगाट. अंपायर माइकवर "प्लीज", मग "थँक यू", मग पुन्हा "प्लीज". ऐकतंय कोण!

तो सेट मेदवेदेवने काढला, चौथा ६-० काढला, पण पाचव्यात शेवटी बोंझीच जिंकला. मेदवेदेवला नंतर ४२,५०० डॉलर दंड झाला (त्यात रॅकेट तोडल्याचेही आले). फोटोग्राफरचा पास गेला. आणि सहा मिनिटं बोंबलणाऱ्यांना? काही नाही.

माझा मुद्दा असा की अंपायरकडची सगळी हत्यारं खेळाडूवर चालणारी आहेत. ताकीद, पॉइंट, गेम, शेवटी मॅचच. प्रेक्षकांसाठी त्याच्याकडे फक्त घसा आहे. म्हणून उपद्रवी माणूस हुडकायचं काम खेळाडूच्याच गळ्यात पडतं. ऑस्ट्रेलियन ओपन २०२३, जोकोविच वि. एन्झो कुआको: पिऊन तर्र झालेला एक जण सतत बोलत होता, शेवटी जोकोविचनेच अंपायर फर्गस मर्फींना जाऊन विचारलं की तुम्ही करताय काय याचं? मग चौघांना बाहेर काढलं. विम्बल्डन २०२२ ची फायनल: किरियॉसने अंपायरला सांगितलं की ती बाई सातशे पेग घेऊन बसलीय. यूएस ओपन २०२३: झ्वेरेव्हने खेळ थांबवून तक्रार केली की स्टँडमधून कोणीतरी हिटलरच्या काळातलं वाक्य ओरडलं.

तिन्ही वेळा आधी खेळाडू बोलला, मग यंत्रणा हलली. खेळाडूला बोट दाखवावं लागलं म्हणजे अंपायरिंग तिथेच फसलं, असं मला वाटतं. तुम्हाला?

वानखेडे_ईस्ट

मला मुळात एवढी शांतता लागते कशाला तेच कळत नाही. कोहली पन्नास हजार लोकांच्या आवाजात १४५ च्या वेगाचा बॉल खेळतो ना? पेनल्टी मारणाऱ्या फुटबॉलवाल्याच्या समोर लोक शर्ट काढून नाचतात. हे टेनिसवालेच एवढे नाजूक का? एक माणूस शिंकला की यांची टॉस (सर्व्हिसला वर फेकलेला चेंडू) पडते!

चिवडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉइंट संपला की खाईन, कुरकुर आवाज नको.

तिसरी_घंटा

@वानखेडे_ईस्ट, तुम्ही नाटकाला जाता का? प्रयोग रंगात आलेला असतो आणि तिसऱ्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजतो. त्या फोनचा आवाज किती डेसिबल असेल? बाहेरच्या रिक्षाच्या हॉर्नपेक्षा कमीच. तरी नट थांबतो. प्रयोग थांबवून सुनावणारे नट आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

फरक एवढाच आहे की वानखेडेवर आवाज सलग असतो. सलग आवाज समुद्रासारखा, थोड्या वेळाने कानाला तो जाणवतही नाही. शांततेतून अचानक उठलेला एक आवाज मात्र सुरीसारखा येतो. टॉस वर गेलाय, हात मागे गेलाय आणि त्याच क्षणी "अरे मार की!" टेनिसमध्ये चेंडू तारांवर कसा बसला हे खेळाडू कानाने पण ऐकतात, त्यावरून फिरकीचा अंदाज बांधतात. ते ऐकूच आलं नाही तर अर्धा सेकंद गेला.

नाजूकपणाचा प्रश्न नाही हो. सवय कशाची आहे, त्याचा आहे.

वानखेडे_ईस्ट

नाटकाचं उदाहरण पटलं. पण मग सवयच बदला की. सगळ्यांना सतत ओरडू द्या.

नियमवाचक

एक गंमत सांगतो, धागाकर्त्याच्या मुद्द्याला ती पूरक आहे. टेनिसच्या नियमपुस्तकात कोर्टाभोवतालच्या 'कायमच्या वस्तूं'ची एक यादी आहे. मागची जाळी, बाजूची जाळी, स्टँड, खुर्च्या, आपापल्या जागेवर असलेले अंपायर आणि बॉलबॉय. आणि त्याच यादीत प्रेक्षकही आहेत! म्हणजे चेंडू भिंतीला लागला काय नि पहिल्या रांगेतल्या काकांच्या टकलाला लागला काय, नियमाच्या लेखी सारखंच.

याचा परिणाम काय होतो बघा. पॉइंट चालू असताना प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम अडथळा आणला तर पॉइंट तुम्हाला. खेळाडूच्या हाताबाहेरच्या कशाने तरी अडथळा आला, म्हणजे शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आला, तर लेट, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायचा. पण स्टँडमध्ये बसलेल्या माणसाने "आऊट!" असं ओरडलं तर? अमेरिकन टेनिस संघटनेच्या नियमपुस्तकात हे सरळ लिहिलंय की प्रेक्षकांसाठीच्या जागेतून आलेल्या आवाजासाठी पॉइंट पुन्हा खेळायचा नाही. भिंत काही बोलत नसते ना.

हे क्रूर वाटतं, पण त्यामागे शहाणपण आहे. ओरडण्यावर लेट द्यायला लागलात तर आपला गडी अडचणीत सापडला की त्याचे पाठीराखे प्रत्येक रॅलीत (चेंडू इकडून तिकडे चालू असताना) ओरडतील. त्यामुळे नियम बदला म्हणणाऱ्यांनी जरा जपून. (दोन सर्व्हिसांच्या मधे बाहेरून बराच व्यत्यय आला तर पहिली सर्व्हिस परत देणं ही गोष्ट वेगळी. बोंझीला तेच मिळालं आणि ते बरोबरच होतं.)

बेसलाइनवरून

हे माहीत नव्हतं. 'प्रेक्षक = भिंत', वा! मग माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. भिंतीला विनंती करून उपयोग काय?

खुर्चीतला

खूप दिवस नुसता वाचतोय, आज राहवत नाही म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये अंपायर म्हणून काम केलं. बालेवाडीला एटीपीची (पुरुषांची व्यावसायिक) स्पर्धा व्हायची तेव्हा लाइनवरही उभा राहिलोय. टीव्हीवर बघताना "हा काही करत का नाही" असं वाटतं, तेव्हा खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, चेअर अंपायर कोणालाही बाहेर काढू शकत नाही. तो सांगू शकतो. रेडिओवर सुपरवायझरला किंवा रेफरीला (म्हणजे अंपायरच्या वरच्या अधिकाऱ्याला) कळवतो, ते सुरक्षारक्षकांना कळवतात, रक्षक पायऱ्या उतरून येतात. यात दोन-तीन गेम सहज जातात. त्या वेळात तो माणूस आणखी चारदा ओरडतो आणि कॅमेरा अंपायरवर असतो.

दुसरी गोष्ट, आवाज कुठून आला हे खुर्चीतून कळत नाही. खरंच कळत नाही. डावीकडून आला एवढंच समजतं. तुमची नजर चेंडूवर, सर्व्हरच्या पायावर, टॅबलेटवर स्कोअर टाकण्यावर. मान वळवून बघेपर्यंत शंभर चेहरे निरागस झालेले असतात.

तिसरी, आणि हे कुठल्या पुस्तकात नाही: "प्लीज" या शब्दाला किंमत असते आणि ती दर वेळी निम्मी होते. पहिलं प्लीज सगळे ऐकतात. दुसरं अर्धे. तिसऱ्याला लोक हसतात, आणि एकदा हसले की तो प्रेक्षक तुमच्या हातून गेला. म्हणून जुने अंपायर आम्हाला सांगायचे की दुसऱ्यांदा म्हणायची वेळ येऊच देऊ नका. त्याऐवजी थांबा. घड्याळ सुरू करू नका. पॉइंटनंतरचे पंचवीस सेकंद कधी सुरू करायचे हे अंपायरच्या हातात असतं. सर्व्हरला हाताने खूण करायची, थांब म्हणून, आणि गप्प बसायचं. नुसतं बसायचं. बाकीचे प्रेक्षकच मग त्या माणसाकडे वळून बघायला लागतात. शेजाऱ्याच्या नजरेइतका प्रभावी सुरक्षारक्षक नाही.

झ्वेरेव्हच्या वेळी नेमकं हेच झालं होतं. अंपायर जेम्स कीओथावोंग खुर्चीतून वळले आणि सरळ त्या भागाला विचारलं, कोण बोललं? आजूबाजूच्यांनीच दाखवून दिलं. माणूस बाहेर. तक्रार खेळाडूने केली हे खरं, पण माणूस शोधला तो अंपायरने आणि शेजाऱ्यांनी. त्यामुळे तुमच्या यादीतून ती केस मी काढीन. ती फसलेली नाही, चांगली जमलेली केस आहे.

तिसरी_घंटा

>> शेजाऱ्याच्या नजरेइतका प्रभावी सुरक्षारक्षक नाही.

दंडवत घ्या. आणि अजून लिहा, असे अनुभव वाचायला मिळत नाहीत.

मेलबर्नकर

अकरा वर्षं इथे आहे, जानेवारीतला एक तरी दिवस ऑस्ट्रेलियन ओपनला मेलबर्न पार्कात जातो. त्यामुळे थोडं आतून सांगतो. अंपायरला दोष देणं म्हणजे लग्नात दारू वाटायची, डीजे लावायचा आणि मग भटजींना सांगायचं की वऱ्हाडाला गप्प करा.

२०२४ पासून इथे सहा नंबरच्या कोर्टाला चिकटून बार आहे. त्याला लोक 'पार्टी कोर्ट'च म्हणतात. त्याच वर्षापासून प्रत्येक गेमनंतर आत-बाहेर करायची मुभा मिळाली. आधी खेळाडू बाजू बदलायला थांबले तरच सोडायचे. हे बदल आयोजकांनी विचार करून केलेत. तरुण यावेत, बसावेत, प्यावं, फोटो टाकावेत. त्यात गैर काही नाही, मीही एक बिअर घेतो. पण मग जे होणार ते अंपायरने निस्तरायचं?

२०२२ साली तर कहर होता. रोनाल्डोची ती "सिऊऊ" आरोळी प्रत्येक कोर्टावर. खेळाडूंना आधी वाटलं आपली हुर्यो उडवतायत. मेदवेदेव (पुन्हा तोच!) किरियॉसला हरवून म्हणाला होता की पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसच्या मधे ओरडणाऱ्यांचा बुद्ध्यांक कमी असावा. आणि तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये हाच गडी स्टँडला हात वर करून भडकवतोय. काळाचा महिमा.

चिवडा

भटजी, वऱ्हाड, डीजे... मेलबर्नकरांनी परदेशात राहून कोल्हापूरची लग्नं विसरली नाहीत हे बघून डोळे पाणावले.

नियमवाचक

मेलबर्नकरांच्या मुद्द्याला एक पुरावा जोडतो. रोलाँ गारोस (फ्रेंच ओपन) २०२४, पहिली फेरी. बेल्जियमचा डेव्हिड गॉफाँ फ्रान्सच्या म्पेत्शी पेरिकारशी पाच सेट खेळला, जिंकला, आणि जाताना प्रेक्षकांकडे वळून कानाला हात लावला. नंतर म्हणाला की कोणीतरी माझ्यावर च्युइंगगम थुंकलं, हे आता फुटबॉलसारखं व्हायला लागलंय. दुसऱ्या दिवशी श्वियांतेकने ओसाकाला हरवल्यावर माइकवरून प्रेक्षकांना हात जोडले की रॅली चालू असताना ओरडू नका.

यानंतर स्पर्धेच्या संचालक आमेली मोरेस्मो यांनी काय केलं? स्टँडमध्ये दारू न्यायला बंदी, आणि अंपायर-रक्षकांना सांगितलं की कडक व्हा. दोन्ही गोष्टी त्याच स्पर्धेच्या पहिल्या आठवड्यात. अंपायरला नवीन अधिकार वगैरे काही द्यावा लागला नाही. नळ कुठे बंद करायचा हे माहीत असलं की पुरे.

वानखेडे_ईस्ट

पण मग मजा काय राहिली? विम्बल्डनला ते लोक शॅम्पेन पितातच की. गरिबाची बिअर वाईट आणि श्रीमंताची शॅम्पेन शिष्टाचार!

तिसरी_घंटा

शॅम्पेनवरही बोलणी बसलीत हो. २०२३ ला विम्बल्डनमध्ये अंपायर जॉन ब्लॉम यांना माइकवर सांगावं लागलं होतं की बाटली उघडायची असेल तर उघडा, पण खेळाडू सर्व्हिस करायच्या बेतात असताना नको. बुचं उडत होती ठॅक ठॅक. मला ती सूचना फार आवडते. "पिऊ नका" नाही, "आवाज करू नका" असंही नाही, नेमकं काय कधी करू नका एवढंच.

सई_म

सगळे आवाजावर बोलताय, म्हणून मी दुसरी गोष्ट काढते. आवाज न करणारा प्रेक्षक.

फेब्रुवारी २०२५, दुबई. एमा राडुकानू कारोलिना मुखोवाविरुद्ध खेळत होती. दोन गेम झाले आणि ती रडत अंपायरच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. खुर्चीच्या मागे, अक्षरशः लपून. पहिल्या काही रांगांत एक माणूस होता, जो आदल्या दिवशी तिला येऊन भेटला होता आणि मागे लागला होता. तो ओरडत नव्हता. पॉइंटमध्ये व्यत्यय आणत नव्हता. नुसता बसला होता. शेवटी त्याला बाहेर काढलं, महिला टेनिस संघटनेने त्याला सगळ्या स्पर्धांना बंदी केली. पुढे विम्बल्डनचं तिकीट मिळवायचाही प्रयत्न त्याने केला, तो अडवला गेला.

आता मला सांगा, यात 'शांतता राखा' म्हणून काय होणार होतं? तो शांतच होता.

मोनिका सेलेसचं आठवा. ३० एप्रिल १९९३, हँबर्ग. ती बाजू बदलताना खुर्चीत बसली होती आणि मागून प्रेक्षकांतून आलेल्या माणसाने पाठीत सुरा मारला. दोन वर्षांहून जास्त काळ ती खेळली नाही. आज खेळाडू बसतात तेव्हा त्यांच्या मागे रक्षक उभा असतो आणि त्याचं तोंड कोर्टाकडे नसतं, लोकांकडे असतं. पुढच्या वेळी टीव्हीवर बघा. तो माणूस सगळी स्पर्धा स्टेडियममध्ये असतो आणि एकही पॉइंट बघत नाही.

त्यामुळे धागाकर्त्याच्या मूळ वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, पण कारण वेगळं. आवाजाच्या बाबतीत खेळाडूला बोट दाखवावं लागलं तर एक पॉइंट जाईल. या बाबतीत बोट दाखवेपर्यंत थांबणं हीच चूक. आदल्या दिवशीच्या माणसाचा फोटो दुसऱ्या दिवशी फाटकावर का नव्हता, हा माझा प्रश्न आहे.

बेसलाइनवरून

सईताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आपण दोन वेगळे आजार एकाच गोळीने बरे करायला निघालोय.

मेलबर्नकर

+१. आणि तिसरा आजार म्हणजे आंदोलक. २०२३ च्या यूएस ओपनमध्ये गॉफ-मुखोवा सेमीफायनल चालू असताना एकाने अनवाणी पाय जमिनीला गोंदाने चिकटवले. जवळजवळ पन्नास मिनिटं खेळ बंद. तिथे अंपायर काय करणार? थिनर आणणार?

चिवडा

अवांतर: आणि चौथा आजार, तान्हं बाळ. ऑगस्ट २०२५ ला सिनसिनाटीत राडुकानूच्याच मॅचमध्ये बाळ रडत होतं. तिने अंपायरकडे बघितलं. अंपायरने विचारलं, लहान मूल आहे, त्याला बाहेर काढायला सांगू का? स्टँडमधून आवाज आला, "हो!"

बाळाच्या आईबापांना मानलं पाहिजे. समोर सबालेंकासारखी फटक्यागणिक ओरडणारी खेळत असताना रडून तिच्यावर आवाज चढवणं सोपं नाही.

खुर्चीतला

@चिवडा :) त्या प्रसंगात अंपायरचं चुकलं असं मला नाही वाटत, पण प्रश्न विचारायला नको होता. प्रेक्षकांसमोर ज्याचं उत्तर तुम्हाला नको आहे असा प्रश्न विचारायचा नाही. रेडिओवर हळूच सांगितलं असतं तर एखादी स्वयंसेविका जाऊन आईला सावलीत घेऊन गेली असती, कोणाला पत्ताही लागला नसता. प्रेक्षकांची कुठलीही गोष्ट माइकवर आली की तिचा तमाशा होतो. नव्वद टक्के काम माइकविना व्हायला हवं.

आजोबा७१

मेदवेदेवच्या प्रकरणावरून मला १९७९ आठवलं. तेव्हा मी कॉलेजात, दुसऱ्या दिवशी नव्हे, चार दिवसांनी पेपरात वाचलं होतं. न्यूयॉर्कला रात्रीची मॅच, मॅकेन्रो आणि नास्तासे. नास्तासेची नाटकं चालू. अंपायर फ्रँक हॅमंड यांनी नियमानुसार आधी पॉइंट कापला, मग गेम कापला आणि शेवटी त्याला बाद केला. त्याबरोबर स्टँड खवळला, बिअरचे डबे कोर्टात. आणि मग काय झालं? वरच्यांनी हॅमंडनाच खुर्चीतून उतरवलं, त्यांच्या जागी रेफरी माइक ब्लँचर्ड यांना बसवलं, नास्तासेला परत घेतलं आणि मॅच पुढे चालू केली. मॅकेन्रो जिंकला म्हणून तो विषय तिथे संपला.

माझ्या मते प्रेक्षक त्या रात्री जिंकले आणि अंपायरच्या जमातीला ते कायमचं समजलं. ज्या अंपायरला ठाऊक आहे की गर्दी अंगावर आली तर वरचा साहेब आपल्या मागे उभा राहील, तो कडक वागतो. ज्याला ते ठाऊक नाही तो प्लीज प्लीज करतो.

दुसरं, सगळीकडे एकच फूटपट्टी लावू नका. डेव्हिस कपमध्ये (देशादेशांच्या संघांची स्पर्धा) ढोल असतात, झेंडे असतात, ते हवेतच. पण तिथे एक तरतूद आहे जी ग्रँडस्लॅममध्ये (विम्बल्डन, यूएस ओपनसारख्या चार मोठ्या स्पर्धांत) नाही: प्रेक्षकांच्या वागण्यासाठी यजमान संघाला जबाबदार धरता येतं. २००० साली सँटियागोला चिली-अर्जेंटिना लढतीत लोकांनी अर्जेंटिनाच्या लोकांवर खुर्च्या भिरकावल्या. चिलीला दंड झाला आणि घरच्या लढती गेल्या. संघ आहे म्हणून हे करता येतं. ग्रँडस्लॅममध्ये 'प्रेक्षक कोणाचे' हेच ठरत नाही.

वानखेडे_ईस्ट

आजोबा, हे भारी आहे. म्हणजे बोंझीच्या मॅचमध्ये 'प्रेक्षक मेदवेदेवचे' हे तर स्पष्ट होतं की. त्यानेच हात वर केले. मग सहा मिनिटांचा हिशोब तिथल्या तिथे त्याच्याकडून का नाही घेतला? नंतर दंड करून बोंझीला काय मिळालं?

नियमवाचक

हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे आणि तो क्रिकेटवाल्याने विचारावा! बरोबर. गर्दीला शिक्षा करता येत नाही, पण गर्दीला भडकवणाऱ्या खेळाडूला येते, अखिलाडू वर्तनाचं कलम आहे. तिथे नवीन नियमाची गरज नाही. पहिल्यांदा हात वर केला की ताकीद, दुसऱ्यांदा पॉइंट. अंपायर भितो तो एवढ्यासाठी की मॅच पॉइंटला पॉइंट कापणं म्हणजे मॅच संपवणं. मग स्टँड काय करेल? आणि आजोबांचं १९७९ परत समोर येतं.

सई_म

याच्या उलट पण बघा ना. खेळाडू भडकवत नाही, त्यालाच लागतं तेव्हा. २०२२ ला इंडियन वेल्समध्ये ओसाकाला एक बाई ओरडून बोलली. ओसाकाने अंपायरकडे माइक मागितला, दोन शब्द बोलायचे होते. दिला नाही. ती रडत खेळली आणि हरली. त्याच गावात २००१ ला फायनलभर सेरेनाची हुर्यो झाली होती, चौदा वर्षं ती तिथे फिरकली नाही. ओसाकाच्या डोक्यात तेच होतं, तिने नंतर सांगितलं.

माइक दिला नाही ते नियमाने बरोबर असेल. पण मग अंपायरने तरी तो माइक तिच्यासाठी वापरायला हवा होता, नाही का?

खुर्चीतला

सईताई, खेळाडूला माइक देऊ नये या मताचा मी आहे. एकदा दिला की प्रत्येकजण मागेल आणि प्रत्येकजण ओसाकासारखं सभ्य बोलणार नाही. किरियॉसचंच घ्या. त्याने 'सातशे पेग' म्हटलं, त्या बाई न्यायालयात गेल्या, शेवटी त्याला माफी मागून वीस हजार पौंड दान करावे लागले. खेळाडूला बोट दाखवायला लावण्यात हाही धोका आहे, की बोट चुकू शकतं. अंपायर किंवा रक्षकाने शांतपणे जाऊन तिकीट तपासलं असतं तर हे घडलं नसतं.

आता एक आशेची बाजू. २०२५ ला विम्बल्डनने १४७ वर्षांनी लाइनवरची माणसं काढली, मशीन बोलते. माझ्यासारख्याला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण त्यामुळे अंपायरची मान मोकळी झालीय. रेषांवर डोळे लावून बसायचं काम गेलं. तो वेळ स्टँडकडे बघायला वापरा ना! बाजू बदलताना तोंड लोकांकडे करून बसा. दुसऱ्या-तिसऱ्या गेमपर्यंत कुठल्या भागात कोण चढलाय हे कळतं, तेव्हाच रेडिओवर 'पूर्व बाजू, सहावी रांग, लाल टोपी' एवढं सांगा. रक्षक नुसता जवळ जाऊन उभा राहिला तरी पुरतं. काढावं लागत नाही.

कोकणकडा

मोठ्यांच्या गप्पा वाचल्या, आता लहानांची सांगतो. माझा मुलगा चौदा वर्षांखालचा खेळतो. पुणे, सोलापूर, नाशिक, जिथे स्पर्धा तिथे आम्ही. सुरुवातीच्या फेऱ्यांना खुर्चीत अंपायर नसतोच. चार-पाच कोर्टांत मिळून एक जण फिरत असतो आणि आऊट-इन मुलं स्वतःच देतात. आणि जाळीपलीकडे कोण असतं? प्रेक्षक नाही हो, पालक!

गेल्या वर्षीचा किस्सा, क्लबचं नाव सांगत नाही. शेजारच्या कोर्टावर एक बाबा. हातात पाण्याची बाटली, मुलगा सर्व्हिसला गेला की बाटलीचं झाकण एकदा करकरवायचं म्हणजे बॅकहँडला, दोनदा म्हणजे बाहेरच्या बाजूला. हे आम्हाला तिसऱ्या गेमला कळलं. फिरत्या अंपायरबाईंनी समज दिली, बाटली खाली ठेवली. मग खोकला सुरू. मग प्रतिस्पर्धी मुलाचा प्रत्येक चेंडू रेषेजवळ पडला की हे जाळीतून "औट!" तो पोरगा बारा वर्षांचा असेल, दर वेळी चमकून बघायचा. एकदा त्याने स्वतःचाच आत पडलेला चेंडू आऊट समजून सोडून दिला. डोळ्यांत पाणी.

नियमाप्रमाणे बाबांच्या वागण्याची शिक्षा बाबांच्या मुलाला. त्या बाईंनी ती दिली नाही. म्हणाल्या, पोराने काय केलंय? सरळ रेफरीला बोलावलं.

खुर्चीतला

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. ग्रँडस्लॅमच्या खुर्चीतल्या माणसापेक्षा हे काम अवघड आहे. तिथे रक्षक असतात, इथे समोरचा माणूस उद्या परत येणार असतो आणि त्याचा मोबाइल नंबर तुमच्याकडे असतो.

बेसलाइनवरून

माझं मूळ वाक्य थोडं बदलतो. 'खेळाडूने बोट दाखवलं म्हणजे अंपायर फसला' हे जरा सरसकट होतं. झ्वेरेव्हची केस खुर्चीतला यांनी पटवून दिली. पण राडुकानूचं आणि या बारा वर्षांच्या पोराचं वाचून बाकीचं आणखी पक्कं झालं.

@कोकणकडा, रेफरीने पुढे काय केलं?

कोकणकडा

काही भाषण नाही, काही नाही. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, "चला, चहा घेऊ" म्हणाले आणि गेटबाहेरच्या टपरीवर नेऊन बसवलं. तिथून कोर्ट दिसत नाही. स्वतः परत आले, वॉचमनला सांगितलं यांना मॅच संपेपर्यंत आत सोडू नको. बाबा दर पाच मिनिटांनी वॉचमनला विचारायचे, स्कोअर काय? वॉचमनला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, तो म्हणायचा "चालू आहे".

चिवडा

आणि मुलगा?

कोकणकडा

हरला, तिसऱ्या सेटला. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, बघा, मी नव्हतो म्हणून हरला.